मुक्कामाचा धंदा : सफरीच्या आधीची रात्र आणि नंतरची रात्र

पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी लोणावळ्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. भुशी धरणाच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात, टायगर पॉइंटवर भजी-कणसांच्या टपऱ्या भरून वाहतात आणि संध्याकाळी हीच सगळी गर्दी द्रुतगती मार्गाने मुंबई-पुण्याला परत जाते. गावात उरतो तो कचरा आणि गल्ल्यातले चहा-वडापावचे थोडे पैसे. मोठी रक्कम जलतरण तलावाचे बंगले भाड्याने देणाऱ्यांच्या खिशात जाते, आणि त्यातले कित्येक मालक बाहेरगावचे असतात. मग कामशेत, वडगाव, मळवली, लोणावळा येथील आपल्या लहान व्यापाऱ्याला आणि कारागिराला या पर्यटनातून काय मिळते, असा प्रश्न साहजिकच पडतो.

याचे उत्तर मुक्कामात आहे. दिवसा येऊन दिवसाच परतणारा पाहुणा एका दुकानात पैसे खर्च करतो. रात्री राहणारा पाहुणा दहा घरांना काम देतो. मात्र मुक्कामाला पाहुणा नेमका कशासाठी थांबतो हे समजून घेतल्याशिवाय हा धंदा जमत नाही. ते समजून घेण्यासाठी प्रथम जरा दूरचे उदाहरण पाहू.

आफ्रिकेतील रीत

केनिया आणि टांझानिया या देशांत वन्य प्राणी पाहण्याच्या सफरीवर मोठा रोजगार चालतो. मसाई मारा येथे साधारण जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत विल्डबीस्ट या प्राण्यांचे प्रचंड कळप येतात आणि ते पाहायला जगभरातून लोक जातात. जंगलातील तंबूंचे भाडे महाग असते हे सर्वांना ठाऊक आहे. पण सफरीच्या आधीची एक रात्र आणि नंतरची एक रात्र नैरोबी किंवा आरुषा या शहरांत काढावी लागते, आणि त्या दोन रात्रींवर तेथील असंख्य मध्यम व लहान हॉटेले, टॅक्सीवाले, धोबी आणि खानावळी जगतात, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

या दोन रात्रींच्या गरजा वेगवेगळ्या असतात. परदेशातून येणारे मोठे विमान नैरोबीच्या जोमो केन्याटा विमानतळावर उतरते, तर माराकडे जाणारी बरीच लहान विमाने विल्सन या दुसऱ्या विमानतळावरून सुटतात. त्यामुळे आदल्या रात्री पाहुण्याला विल्सनला सकाळी वेळेवर पोहोचता येईल अशी जागा हवी असते. लहान विमानात सामान साधारण १५ किलोपर्यंतच आणि तेही मऊ पिशवीत चालते. म्हणून जड पेटी सांभाळून ठेवणारे हॉटेल त्याला लागते. खोलीची सजावट पाहायला त्याला वेळच नसतो.

परत आल्यावर चित्र बदलते. अंगावर धूळ असते, कपडे मळलेले असतात, आणि घरचे विमान बहुधा संध्याकाळी किंवा रात्री असते. सकाळी दहाला खोली सोडा म्हणणारे हॉटेल त्याच्या उपयोगाचे नाही. त्याला संध्याकाळपर्यंत खोली, भरपूर गरम पाणी आणि कपडे धुऊन देणारा माणूस हवा असतो. अनुभवी प्रवासी या दोन रात्रींसाठी दोन वेगळी हॉटेलेसुद्धा निवडतो.

आपल्यापैकी जे बंधू व्यापारानिमित्त किंवा सहलीला तिकडे जातात त्यांनीही हेच पाहावे. नैरोबी शहराच्या मध्यभागी जामिया मशीद आहे आणि त्या भागात हलाल जेवणाची अडचण पडत नाही. कोकणी मुसलमानांची कुटुंबेही पूर्व आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. आणखी एक गोष्ट विसरू नये. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला लागतो. लस घेतल्यानंतर १० दिवसांनी तो दाखला लागू होतो, म्हणून ती आयत्या वेळी घेऊन उपयोग नाही.

मावळची सफर

आता आपल्या मुलखाकडे वळू. मावळात सिंह-हत्ती नाहीत, पण पहाटे निघून दमून परतण्याच्या सफरी भरपूर आहेत. मळवली स्टेशनावर उतरले की एका बाजूला कार्ल्याची लेणी आणि दुसऱ्या बाजूला भाजे, लोहगड व विसापूर. कामशेतहून बेडसे लेणी आणि पवना धरणाचा परिसर, त्यापुढे तिकोना व तुंग. लोणावळ्याहून राजमाचीची साधारण १५ किलोमीटरची पायवाट. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी राजमाचीच्या रानात काजवे पाहण्यासाठी लोक रात्रभर चालतात.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत आपला लोहगड आहे. याचा अर्थ असा की यापुढे केवळ भिजायला येणारा नव्हे, तर गड व लेणी नीट पाहायला येणारा पाहुणाही मावळात येईल. असा पाहुणा आठवड्याच्या मधल्या दिवशीही येतो आणि थंडीतही येतो.

मुक्काम ही मावळला नवी गोष्ट नाही. कोकणातील बंदरांकडून घाटावर येणारी व्यापारी वाट याच भागातून जात होती. कार्ल्याच्या चैत्यगृहातील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखांत वैजयंतीचा सेठ भूतपाल याचे नाव आहे, तसेच धेनुकाकट गावचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आणि सामी नावाचा सुतार यांचीही नावे आहेत. व्यापारी आणि कारागीर या दोघांची नोंद त्या दगडावर राहिली आहे.

आधीच्या रात्रीला काय हवे

लोहगडाला किंवा राजमाचीला जाणारा पाहुणा आदल्या रात्री उशिरा लोकलने किंवा गाडीने पोहोचतो आणि पहाटे निघतो. त्याच्यासाठी पुढील गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

एक, जागा गडाच्या वाटेला किंवा स्टेशनाला जवळ असावी. लोणावळा बाजारातील झगमगीत हॉटेलापेक्षा मळवली-भाजे येथील साधी स्वच्छ खोली त्याला जास्त सोयीची.

दोन, रात्री दहा-अकराला आला तरी गरम जेवण मिळावे.

तीन, पहाटे पाचला चहा-नाश्ता आणि सोबत भाकरीची शिदोरी बांधून मिळावी.

चार, नको असलेले सामान ठेवायला कुलुपाचे कपाट असावे. हे सामान म्हणजे अमानत आहे. त्यात हयगय झाली तर धंदाही बुडतो आणि नावही जाते.

पाच, विश्वासाचा जीपवाला आणि वाट दाखवणारा गावचा माणूस ठरवून द्यावा आणि त्याचा दर आधीच सांगावा.

नंतरच्या रात्रीला काय हवे

गड उतरलेला माणूस दुपारी तीन-चारला चिखलाने माखून येतो. आपल्याकडील बहुतेक लॉज सकाळी दहा किंवा बाराला खोली रिकामी करून घेतात, आणि मग हे कुटुंब ओल्या कपड्यांनी गाडीत बसते. येथेच लहान माणसाला संधी आहे. खोली संध्याकाळी सातपर्यंत द्या आणि त्याचे अर्ध्या दिवसाचे वाजवी भाडे घ्या. बंबभर गरम पाणी, बूट वाळवायला जागा आणि कपड्यांसाठी दोरी द्या. काजवे पाहून पहाटे परतणाऱ्याला सकाळी सहाला खोली उघडून द्या. यासाठी जलतरण तलाव लागत नाही, फक्त वेळेची लवचीकता लागते. ज्याला आराम मिळाला तो बहुधा दुसरी रात्रही थांबतो.

एका खोलीमागे किती हात

उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा, चौघांचे कुटुंब एक रात्र राहिले. खोलीचे १,५०० रुपये, जेवणाचे ८००, नाश्त्याचे ३०० आणि जीपचे १,२०० धरले तर एकूण ३,८०० रुपये होतात. त्यांत खोलीवाल्याचे १,५००, म्हणजे निम्म्याहून कमी. उरलेले २,३०० रुपये गावात फिरतात. गादी नदाफ-पिंजारी बंधूंनी भरलेली, पाव आपल्या बेकरीचा, मटण खाटिकाकडचे, दरवाजा-पलंग सुताराचा, जीप दुरुस्त करणारा मिस्त्री आपला आणि पडदे-चादरी शिवणारा दर्जीही आपलाच. दर ठिकाणी आकडे वेगळे असतील, पण वाटणी अशीच होते. म्हणून ज्याच्याकडे खोली नाही त्यानेही या धंद्याकडे आपला धंदा म्हणून पाहावे. चार खोलीवाले आणि दहा कारागीर एकत्र बसून दर ठरवतील तर एकमेकांचे गिऱ्हाईक तोडण्याची वेळ येणार नाही.

मर्यादा पाळूनही धंदा होतो

लोणावळ्यात दारूच्या पार्ट्यांशिवाय मुक्कामाचा धंदा चालत नाही, असे काही बंधूंना वाटते. ते खरे नाही. बायकामुलांना आणि म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येणारी कितीतरी कुटुंबे, मग ती कोणत्याही धर्माची असोत, दारू आणि कर्कश गाण्यांपासून दूर असलेली जागा शोधत असतात. त्यांना ती सहज सापडत नाही. 'येथे मद्यपान चालणार नाही' ही पाटी गिऱ्हाईक घालवते तशी गिऱ्हाईक आणतेही. हलाल जेवण, वजूची सोय, किब्ल्याची खूण आणि जवळच्या मशिदीची माहिती दिली तर मुंबई-भिवंडी-मालेगावकडील कुटुंबेही येतील. शाकाहारी व जैन पाहुण्यांसाठी भांडी वेगळी ठेवावीत आणि तसे स्पष्ट सांगावे. पाहुण्याचा मान राखण्याची ताकीद आपल्याला दीनने दिली आहे, त्यात पाहुण्याची जात-धर्म विचारलेला नाही.

सुरुवातीलाच व्याजाने कर्ज काढून इमारत उभी करू नये. घरातील रिकामी खोली स्वच्छ करून, संडास-न्हाणीघर नीट करून एक मोसम अनुभव घ्यावा. दोघा-तिघांनी भागीदारीत पैसा घालायचा असेल तर नफा-तोट्याची वाटणी कागदावर लिहून घ्यावी.

कागदपत्रे

घरातील खोल्या देणाऱ्यांसाठी राज्याच्या पर्यटन खात्याची न्याहारी व निवास योजना आहे. शेतजमीन असलेल्यांसाठी २०२० चे कृषी पर्यटन धोरण असून त्यासाठी किमान १ एकर जमीन लागते. नोंदणी केली की पाहुण्याचा विश्वास बसतो. जेवण देणाऱ्याने अन्न विभागाची नोंदणी घ्यावी. प्रत्येक पाहुण्याचे नाव व ओळखपत्र वहीत नोंदवावे. परदेशी पाहुणा असल्यास त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवणे बंधनकारक आहे. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत, २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के दर लागू झाला आहे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही, तरी आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

एक जबाबदारी

३० जून २०२४ रोजी, रविवारी, भुशी धरणामागील धबधब्यात पुण्याच्या एका मुस्लिम कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी, तोही रविवारच, इंद्रायणीवरील कुंडमळा येथील जुना पूल गर्दीखाली कोसळून चौघांचा जीव गेला. घाईने आलेल्या पाहुण्याला आपल्या ओढ्या-नाल्यांचा स्वभाव माहीत नसतो. वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी किती लवकर चढते, हे मावळातल्या पोरालाही ठाऊक असते.

मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला हे रात्रीच सांगता येते. कोणत्या धबधब्याजवळ जाऊ नये, कोणत्या दिवशी गडाची वाट निसरडी असते आणि प्रशासनाने कुठे बंदी घातली आहे, हे जेवण वाढताना सांगावे. पाऊस फार असेल तर 'उद्या जाऊ नका, लेणी पाहा' असे सांगण्याची हिंमत ठेवावी. जीपचे भाडे त्या दिवशी बुडेल. पण जिवंत घरी पोहोचलेला पाहुणाच पुढच्या वर्षी आणखी चार कुटुंबे घेऊन येतो, आणि अशा कमाईतच बरकत असते.