जोते, लाकडी कार्यशाळेचे

घराच्या बागेत वा आवारात सुतारकाम, यंत्रदुरुस्ती इत्यादींसाठी उभारलेल्या छोट्या लाकडी वास्तूची जमीन व भिंती ज्या तळबांधकामावर टेकतात, त्यास तिचे जोते म्हणतात. अशा कार्यशाळा मुख्यत्वे ब्रिटन, स्कँडिनेव्हिया, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया इ. प्रदेशांत आढळतात. मोठ्या इमारतीचा पाया प्रामुख्याने भार पेलण्यासाठी असतो. येथे भार थोडा असतो आणि लाकूड पाण्यापासून दूर ठेवणे हेच जोत्याचे मुख्य कार्य ठरते. ३ मी. लांब, २.४ मी. रुंद व १० सेंमी. जाड काँक्रीटच्या लादीचे वजन सु. १,७०० किग्रॅ. भरते, तिच्यावरील रिकामी लाकडी वास्तू पुष्कळदा याहून हलकी असते.

लाकडातील जलांश त्याच्या शुष्क वजनाच्या सु. २० टक्क्यांहून कमी राहिल्यास ते सहसा कुजत नाही. त्याहून बराच वाढल्यास कवकांची (बुरशीसारख्या सजीवांची) वाढ होऊन लाकडातील सेल्युलोज नष्ट होऊ लागते. ब्रिटनमध्ये ‘शुष्क कूज’ म्हणून ओळखला जाणारा विकारही पाण्यावाचून सुरू होत नाही. नाव फसवे आहे. कवकांना हवाही लागते. म्हणूनच जमिनीत पुरलेला खांब भूपृष्ठालगत, म्हणजे ओल व हवा दोन्ही मिळतात तेथे, प्रथम कुजतो. उलट व्हेनिसमधील इमारतींखालचे लाकडी खुंट चिखलात हवेवाचून राहिल्याने शतकानुशतके टिकले आहेत.

हा अनुभव जुन्या लाकडी वास्तुकलेत सर्वत्र दिसतो. नॉर्वेतील सुरुवातीच्या चर्चवास्तूंचे खांब जमिनीत पुरलेले होते व ते कुजले. बाराव्या शतकातील अर्नेस येथील चर्चसारख्या नंतरच्या वास्तू दगडांवर ठेवलेल्या आडव्या तळतुळयांवर उभ्या असल्याने आजही टिकून आहेत. जपानमधील ईसे येथील देवस्थानाचे खांब परंपरेनुसार जमिनीतच रोवतात. मात्र ते दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात (२०१३ मधील पुनर्बांधणी बासष्टावी होती). महाराष्ट्रातील वाड्यांत लाकडी खांब दगडी तळखड्यावर बसवीत व संपूर्ण वास्तू उंच दगडी जोत्यावर उभी करीत.

बांधणी : प्रथम जागेवरील सुपीक मातीचा थर मुळांसह काढून टाकतात, कारण सेंद्रिय द्रव्य कुजून माती खचते. खुंट्या व दोरी यांनी आखणी करून दोन्ही कर्ण समान आहेत का ते पाहतात. बाजूंची मापे बरोबर असूनही कर्ण असमान आल्यास चौकट तिरपी आहे असे समजावे. येथे झालेली चूक पुढे भिंतींत व छपरात वाढत जाते. नंतर १०–१५ सेंमी. जाडीचा खडीचा किंवा विटांच्या तुकड्यांचा थर धुम्मस करून घट्ट बसवितात. त्यावर वाळू पसरून जाड पॉलिथिनचा कागद अंथरतात व फळ्यांच्या साच्यात काँक्रीट ओततात. कागदामुळे जमिनीतील ओल वर चढत नाही. काँक्रीट किमान सात दिवस ओले ठेवावे लागते. त्यानंतर ते आतून वाळण्यास कित्येक महिने लागतात. या काळात त्यावर अपार्य (पाणी आरपार न जाऊ देणारे) आच्छादन घालून लाकडी जमीन बसविल्यास ओल आत कोंडली जाते.

लादी ऐसपैस करण्याचा मोह अनेकांना होतो व तोच बहुधा नुकसानीस कारण ठरतो. भिंतीबाहेर उरलेल्या कडेवर पावसाचे पाणी पडून तळतुळईखाली शिरते. यासाठी लादी वास्तूच्या बाह्य मापाएवढीच ठेवून भिंतीच्या फळ्या तिच्या कडेखाली थोड्या उतरवितात. भिंत विटांच्या एकदोन थरांवर उचलून मध्ये ओलरोधक पट्टी घालणे अधिक चांगले.

दुसऱ्या प्रकारात काँक्रीटचे ठोकळे किंवा विटांचे छोटे खांब ठराविक अंतरावर उभारून, पाणसळीने समपातळीत आणून, त्यांवर तुळया व फळ्यांची जमीन घालतात. हा प्रकार उताराच्या जागी सोयीचा व स्वस्त असतो. परंतु जमिनीखालून वारा खेळता राहिला पाहिजे. लाकडी जमीन पायांना उबदार वाटते व हातून निसटलेल्या पटाशीची धार तीवर सहसा बोथट होत नाही. मात्र लेथसारख्या जड यंत्राचा भार थोड्या जागी एकवटतो. त्यासाठी तेवढ्या भागात फळ्या कापून काँक्रीटचा स्वतंत्र ओटा बांधतात. त्यामुळे यंत्राची कंपने उरलेल्या जमिनीत पोहोचत नाहीत.

अतिथंड प्रदेशांत मातीतील पाणी गोठून जमीन फुगते व ठोकळे असमान उचलले जातात. त्यामुळे तेथे पाया गोठणखोलीच्या खाली नेतात किंवा पाण्याचा निचरा करणाऱ्या खडीच्या जाड थरावर संपूर्ण वास्तू ठेवतात.

जमिनीलगतच्या लाकडावर परिरक्षक द्रव्यांचा दाबाखाली संस्कार करतात. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचे ‘अ‍ॅस्क्यू’ हे परिरक्षक सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत शोधून काढले व ते जगभर वापरात आले. आर्सेनिकाच्या विषारीपणामुळे २००४ च्या सुमारास अमेरिकेत व यूरोपीय संघात त्याच्या घरगुती वापरावर निर्बंध आले. त्याऐवजी तेथे मुख्यतः तांब्याची आर्सेनिकरहित संयुगे वापरतात.

भारतात ओलीइतकाच धोका वाळवीचा असतो. काँक्रीटची लादी तिला पुरती रोखत नाही. बारीक भेगेतूनही ती वर येते आणि लादीला टेकलेल्या लाकडात दृष्टीआड शिरते. उंच ठोकळ्यांवरील वास्तूत मात्र तिला ठोकळ्याच्या बाहेरून मातीची नळी बांधीत चढावे लागते. ही नळी नजरेस पडते व वेळीच मोडता येते. त्यासाठी जमिनीखाली वाकून पाहता येईल एवढी मोकळी जागा ठेवावी लागते.