वृद्धसेवांचे स्थानिक नियोजन

ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका यांसारख्या स्थानिक संस्थांनी आपल्या क्षेत्रातील वृद्ध रहिवाशांची संख्या व गरजा निश्चित करून, त्यांना अनुरूप अशा सेवा, सुविधा व निधी यांची आगाऊ केलेली तरतूद म्हणजे वृद्धसेवांचे स्थानिक नियोजन होय. निवृत्तिवेतनाची रक्कम दूरच्या कचेरीतूनही पाठविता येते. परंतु अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीस स्नान घालणे, एकाकी व्यक्तीस जेवण पोहोचविणे किंवा घराजवळ बसण्यास बाक उपलब्ध करून देणे ही कामे त्या त्या ठिकाणीच करावी लागतात. उतारवयात माणसाच्या संचाराची कक्षा आकुंचन पावते. त्यामुळे त्याचा अखेरचा काळ स्वतःच्या घरी जाईल की संस्थेत, हे बऱ्याच अंशी या नियोजनावर अवलंबून असते.

स्वरूप : नियोजनाची पहिली पायरी गणनेची असते. साठ वर्षांवरील व्यक्तींची एकूण संख्या त्यासाठी पुरेशी ठरत नाही. वयोगट, एकटे राहणाऱ्यांचे प्रमाण, विधवांची संख्या, चालण्याची व स्वतःची कामे करण्याची क्षमता, तसेच घराचा मजला व दवाखान्याचे अंतर यांची प्रभागवार माहिती आवश्यक असते. तीवरून गृहसाहाय्यक, परिचारिका, दिवसा निगा राखणारी केंद्रे, वृद्धाश्रम, भोजनसेवा व वाहने यांची गरज ठरविली जाते. नगररचनेचाही यात अंतर्भाव होतो. उदा., पादचाऱ्यांना रस्ता ओलांडण्यासाठी द्यावयाचा वेळ ठरविताना चालण्याचा वेग सेकंदाला सुमारे १·२ मी. धरण्याचा प्रघात अनेक देशांत आहे. पुष्कळ वृद्धांना हा वेग साधत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ३३ शहरांतील पाहणीच्या आधारे २००७ मध्ये वयस्नेही शहरांविषयीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत मोकळ्या जागा व इमारती, वाहतूक, निवास, सामाजिक सहभाग, आदर व समावेश, नागरी सहभाग व रोजगार, माहिती आणि आरोग्यसेवा अशी आठ क्षेत्रे दिली आहेत. या पाहणीत भारतातील नवी दिल्ली व उदयपूर ही शहरे होती.

ब्रिटन : इंग्लंडमध्ये १६०१ च्या दरिद्री कायद्याने निराधार वृद्धांचा भार पॅरिश या स्थानिक घटकावर टाकला होता. १८३४ नंतर मदतीसाठी श्रमगृहात राहण्याची अट बळावली व वार्धक्यातील मदतीस अप्रतिष्ठा चिकटली. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने दरिद्री कायदा संपुष्टात आणून वय वा दुर्बलता यांमुळे निगेची गरज असलेल्यांना निवासाची सोय पुरविणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरविले. मात्र घरी जाऊन मदत करणे त्या वेळी ऐच्छिक होते. १९६८ च्या कायद्याने ते बंधनकारक केले व ती तरतूद १९७१ मध्ये अंमलात आली. दरम्यानच्या काळात घरपोच साहाय्य मिळाल्यास स्वगृही राहू शकले असते असे अनेक वृद्ध आश्रमांत, कित्येकदा जुन्या श्रमगृहांच्याच इमारतींत, राहत होते. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ही स्थिती उघड केली. कायद्याने जे बंधनकारक केले तेच उभे राहिले, हा या अनुभवाचा निष्कर्ष होय.

जपान : स्थानिक गणनेचे महत्त्व जपानच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते. तेथे १९७३ मध्ये सत्तर वर्षांवरील व्यक्तींना वैद्यकीय उपचार मोफत करण्यात आले. परंतु घरी शुश्रूषेची व्यवस्था नव्हती. परिणामी उपचारांची विशेष गरज नसलेले वृद्धही रुग्णालयांत दीर्घकाळ राहू लागले. यास ‘सामाजिक रुग्णालयप्रवेश’ असे नाव पडले. मोफत उपचारांची ही पद्धत १९८३ मध्ये बंद झाली. १९८९ मध्ये केंद्र शासनाने ‘सुवर्ण योजना’ जाहीर करून दहा वर्षांत एक लाख गृहसाहाय्यकांचे उद्दिष्ट ठेवले. १९९० च्या कायदेदुरुस्तीने प्रत्येक नगर व ग्राम संस्थेस वृद्धांच्या आरोग्य व कल्याणाचा आराखडा तयार करणे भाग पडले. हे आराखडे एकत्रित केले असता मूळ उद्दिष्ट अपुरे असल्याचे दिसून आले व १९९४ च्या ‘नव्या सुवर्ण योजने’त ते एक लाख सत्तर हजारांपर्यंत वाढविण्यात आले. राजधानीत ठरलेला आकडा अशा रीतीने गावोगावच्या मोजणीने दुरुस्त केला.

दीर्घकालीन शुश्रूषा विम्याचा कायदा १९९७ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २००० पासून अंमलात आला. त्यात स्थानिक संस्था हीच विमासंस्था असून तिला दर तीन वर्षांनी सेवांचा आराखडा करावा लागतो. लाभार्थीने स्वतः द्यावयाचा हिस्सा वगळता खर्चाचा निम्मा भाग करांतून व निम्मा चाळीस वर्षांवरील नागरिकांच्या हप्त्यांतून भागविला जातो. पासष्ट वर्षांवरील रहिवाशांचा हप्ता आराखड्यानुसार ठरत असल्याने सेवा वाढविल्यास हप्ताही वाढतो. त्यामुळे आराखडा हा केवळ इच्छांची यादी न राहता हिशेब बनतो.

भारत : २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्ती सुमारे १०·४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८·६% होत्या. हे प्रमाण केरळमध्ये १२·६%, गोव्यात ११·२% व महाराष्ट्रात ९·९% होते. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्यातील शासकीय साहाय्याचा निर्देश आहे. तथापि १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी जोडलेल्या अकराव्या व बाराव्या अनुसूचींत, म्हणजे पंचायती व नगरपालिका यांच्याकडे सोपवावयाच्या विषयांत, दुर्बल घटकांचा उल्लेख असला, तरी वृद्धांचा स्वतंत्र उल्लेख नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ मध्ये झालेल्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांची सोय होईल, असा निदान एक वृद्धाश्रम स्थापण्याची मुभा राज्य शासनास दिली. घरपोच सेवेचे कर्तव्य मात्र स्थानिक संस्थांवर टाकलेले नाही.

महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेसारख्या निवृत्तिवेतनाचे अर्ज तहसील कचेरीत जातात, उपचार आरोग्य खाते करते, तर पदपथ, उद्याने व विरंगुळा केंद्रे नगरपालिकेच्या अखत्यारीत येतात. एकाच वृद्धाच्या गरजा अशा तीन दप्तरांत विभागल्या गेल्याने त्यांचा एकत्रित आराखडा सहसा होत नाही. केरळने २००८ मध्ये उपशामक शुश्रूषेविषयीचे धोरण स्वीकारून निराळा मार्ग दाखविला. तेथे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने स्थानिक संस्था प्रशिक्षित परिचारिकांना अंथरुणास खिळलेल्या रुग्णांच्या घरी पाठवितात. या रुग्णांत वृद्धांचा भरणा मोठा असतो. मतदार याद्यांत वयाची नोंद असतेच. तिला प्रभागवार भेटींची जोड दिल्यास गणनेचा आरंभ कोणत्याही लहान नगरपालिकेस करता येण्याजोगा आहे. मात्र त्या गणनेतून सेवा उभी राहण्यास कर्तव्य व निधी या दोहोंची स्पष्ट तरतूद आवश्यक असते, हे वरील अनुभवांवरून दिसून येते.