मांजर काठावर, मासे पाण्यात

परसात हौद बांधून त्यात मासे सोडायचे म्हटलं की घरातलं कुणीतरी लगेच बजावतं, ‘म्हणजे बोक्याच्या राखणीत दूध!’ प्रत्यक्षात हौदाची बांधणी नीट असेल तर माशांच्या शत्रूंच्या यादीत मांजराचा नंबर बराच खाली लागतो. त्याच्या वर ढोकरी आणि खंड्या, त्यांच्याही वर एप्रिल-मेचं ऊन, आणि सगळ्यांत वर जरुरीपेक्षा जास्त खायला घालणारे आपण.

धोका खरं तर मांजरालाही असतो. १७४७ साली इंग्लंडमध्ये होरेस वॉलपोल या लेखकाची सेलिमा नावाची मांजर गोल्डफिश ठेवलेल्या चिनी मातीच्या मोठ्या भांड्यात पडली आणि बुडून मेली. वॉलपोलचा मित्र, कवी थॉमस ग्रे याने तिच्यावर कविता केली, म्हणून तिचं नाव टिकलं. गुळगुळीत कडेवर नखं रुतत नाहीत, हा त्यातला आपल्या कामाचा भाग.

हौद कसा असावा

सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल एवढा हौद घरच्या बागेला पुरतो. त्यात सुमारे १,३०० लिटर पाणी मावतं. भिंती सरळ उभ्या ठेवाव्यात आणि पाणी काठापासून वीतभर खाली. मग मांजराचा पंजा सहजी पाण्याला लागत नाही आणि ढोकरीला उभं राहायला उथळ जागा मिळत नाही. फक्त एका कोपऱ्यात खडबडीत दगडांची अरुंद पायरी करावी. चुकून पडलेलं मांजर किंवा खार तिथून वर येते. तळाशी जुनी मंगलोरी कौलं एकमेकांवर तिरकी रचली की माशांना दडायला घर मिळतं. घरात रांगतं मूल असेल तर मात्र हौदावर मजबूत जाळी हवीच. कोकणात आणि घाटमाथ्यावर जादा पाणी जायला वरच्या अंगाला पाइप ठेवून त्याच्या तोंडाला बारीक जाळी लावावी, नाहीतर आषाढात हौद भरून वाहतो आणि मासेही वाहून जातात.

नव्या सिमेंटमधून चुना सुटतो. म्हणून हौद भरायचा, काही दिवस ठेवायचा, उपसायचा, असं तीन-चारदा करावं. त्यानंतरही घाई नको. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू हौदात रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. हौद चकचकीत घासून काढणारे लोक नेमके हेच जिवाणू घालवतात.

ऊन आणि श्वास

२० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो साडेसातवर येतो. त्यात पाणवनस्पतीही रात्रभर प्राणवायूच वापरतात. म्हणून उन्हाळ्यात पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकताना दिसतात. छोटं कारंजं रात्रभर चालू ठेवणं आणि निम्मं पाणी कुमुदिनीच्या पानांनी झाकणं, हे दोन उपाय पुरतात. काठाला वेखंड लावावं. जलपर्णीला मात्र थारा देऊ नये.

एवढ्या हौदात पाच-सहा गोल्डफिश खूप झाले. कोई दोन फुटांपर्यंत वाढतो, त्याला ही जागा तोकडी. डासांच्या अळ्यांसाठी थोडे गप्पी सोडावेत. ते भराभर वाढतात. पण जास्त झाले म्हणून ओढ्यात सोडू नयेत, तिथल्या मूळच्या माशांच्या ते मुळावर येतात. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच द्यावं. काही दिवसांतच गोल्डफिश वेळ ओळखून काठाशी जमू लागतात.

काठावरचं राज्य

मांजराला हौद म्हणजे दिवसभराचा करमणुकीचा कार्यक्रम. पायरीवर बसून ते पाणी पितं तेव्हा जवळून बघा. जीभ पळीसारखी पाण्यात बुडत नाही. तिचं टोक पाण्याला नुसतं टेकतं आणि झटकन वर जातं. त्यामागोमाग पाण्याचा बारीक खांब उठतो आणि तो कोसळायच्या आत तोंड मिटतं. सेकंदाला जवळजवळ चार वेळा!

बागेत खोकलीचं रोप उगवलं तर उपटू नका. त्याच्या मुळांच्या वासाने मांजर गडाबडा लोळतं. कण्हेर, सायकस आणि लिली मात्र त्याच्या वाटेत नकोत. खऱ्या लिलीचे परागसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कुमुदिनी त्या कुळातली नाही, ती निर्धोक. बागेत परमेथ्रीन, सायपरमेथ्रीनसारखी कीटकनाशकं फवारूच नयेत, कारण ती माशांना आणि मांजराला दोघांनाही घातक. मऊ वाफ्यात मांजर घाण पुरतं, तेव्हा माती हाताळताना हातमोजे घालावेत.

सुरुवात करायला दिवाळीनंतरचा काळ उत्तम. फटाक्यांचा धूर आणि राख ओसरली की हौद बांधून धुऊन घ्यावा, मार्गशीर्षात झाडं लावावीत, संक्रांतीच्या सुमारास दोन गोल्डफिश सोडावेत आणि उरलेले महिनाभराने. गप्प्यांना थंडी सोसत नाही, ते शिवरात्रीनंतर. असं टप्प्याटप्प्याने केलं की कुमुदिनीची सावली वैशाखाच्या आत पसरते आणि पहिलाच उन्हाळा हौदाला जड जात नाही.