भोंगा वाजेल, पण घरी कोण असेल?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला, की घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद करायचे, अशी प्रथा पडली. साडेआठच्या दुसऱ्या भोंग्याला मोकळीक. मधल्या दीड तासात अभ्यास, वाचन, गप्पा. यातली ताकद भोंग्यात नाही, 'सगळ्यांनी एकदम' या अटीत आहे. आशाताई आणि अंगणवाडी सेविका घरोघर फिरल्या त्या याच अटीसाठी. एकट्या मुलाचा फोन काढून घेतला तर ती शिक्षा ठरते. आई-बाबांचाही बाजूला पडला, तर तो घरचा रिवाज होतो.

मुंबईत अंधेरी-घाटकोपरला मात्र सातच्या सुमारास अर्धे घर लोकलमध्ये लोंबकळत असते, हा आक्षेप रास्तच. मग वेळ बदलावी, अट नव्हे. रविवारची सकाळ घ्या. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांच्या आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी, म्हणजे शिलालेखांतल्या 'पोढी'. भिक्षूंनी पावसाचे पाणी कसे वळवले, याचा माग पन्हळींवरून काढणे हा मुलांसाठी अर्ध्या दिवसाचा खेळ आहे, आणि मोठ्यांनाही तो सहज सुटत नाही. मॉलमधल्या खेळघरापेक्षा हे स्वस्तातच पडते. गृहपाठच व्हॉट्सअॅपवर येतो, ही तक्रार खरी. पण तो घरी परतल्यावर पाहता येतो. जंगलात अडीअडचणीला लागेल म्हणून एक फोन पिशवीच्या तळाशी असू द्यावा, आवाज बंद करून.