पुठ्ठ्याचे बटण

बटण दाबले की दिवा लागतो, पण आत काय होते ते दिसत नाही. म्हणून आम्ही पुठ्ठ्याचे उघडे बटण केले. पुठ्ठ्यात दोन ड्रॉइंग पिना टोचल्या. एकीत सेफ्टी पिन अडकवली. दोन्ही पिनांना तारा जोडून मध्ये १.५ व्होल्टचा सेल आणि बॅटरीचा बल्ब घातला.

सेफ्टी पिन फिरवून दुसऱ्या पिनेला टेकवली की बल्ब लागतो, सरकवली की जातो. अर्धवट टेकवली तर नुसता लुकलुक करतो! पिना गंजलेल्या असल्या तर लागतच नाही.

घरच्या बटणातही असेच धातूला धातू टेकते. पण तिथे २३० व्होल्टची वीज. पट्ट्या हळूहळू सुटल्या तर फटीत ठिणगी रेंगाळते आणि पट्ट्या भाजून काळ्या पडतात. म्हणून आतली स्प्रिंग पट्टीला झटक्यात ओढते. 'टक्' वाजते ते त्यामुळेच. बटण मधेच धरून खेळू नका, असे गुरुजी ओरडतात ते उगीच नाही.

पालकहो, घरचे बटण चरचरत असेल, हाताला गरम लागत असेल तर वायरमनकडून लगेच बदलून घ्या.

आमचे बटण खाली टेबलावर ठेवले आहे. फिरवून पाहा. त्याला घरची वीज मात्र मुळीच जोडायची नाही हं!