पडलेल्या पिस्तुलाची पिन

१ ऑक्टोबर २०२४ रोजीं पहाटें मुंबईंत सुप्रसिद्ध नट गोविंदा यांच्या हातून त्यांचें परवान्याचें रिव्हॉल्व्हर निसटून पडलें, गोळी सुटली व ती त्यांच्या पायांत शिरली, असें त्या वेळीं जाहीर झालें. शस्त्रक्रिया होऊन ते बरे झाले. परंतु चापाला बोट न लावतां गोळी सुटते तरी कशी, हा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर काडतुसाच्या बुडाशीं आहे.

उल्हासनगर आणि बदलापूर यांच्या मध्यें वसलेलें अंबरनाथ हें शिलाहारांच्या शिवमंदिराकरितां प्रसिद्ध आहे. पण १९५३ सालापासून तेथें सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीहि आहे. २०२१ पासून ती यंत्र इंडिया या सरकारी कंपनीकडे गेली. तेथें पिस्तुलें होत नाहींत. ज्या पितळेची काडतुसें बनतात, तिच्यासारख्या धातूंचें काम तेथें चालतें. काडतुसाच्या पितळेंत साधारणतः सत्तर भाग तांबें व तीस भाग जस्त असतें, आणि म्हणूनच ती वाटीसारखी ओढून लांबविली तरी तडकत नाहीं. प्रत्यक्ष काडतुसें भरण्याचें काम जळगांव जिल्ह्यांतील वरणगांवच्या कारखान्यांत होतें.

या पितळी नळकांडीच्या बुडाशीं मध्यभागीं एक लहानशी टोपी बसविलेली असते. तींतील मसाला ठिणगी मागत नाहीं. त्याला केवळ टोला पुरतो. दिवाळींतील टिकल्यांचें पिस्तूल ज्यानें हाताळलें आहे, त्याला अधिक सांगावयास नको. टिकलीवर घोडा आपटतो, येथें बारीक पोलादी पिन आपटते, एवढाच फरक. (मुंबईच्या बोलींत चापालाहि घोडा म्हणतात आणि अख्ख्या पिस्तुलालाहि, येथें मात्र मागून आपटणारा तो घोडा, बोटाखालचा तो चाप.) टोपीला चाप कोणी ओढला हें ठाऊक नसतें. टोला बसला कीं ती पेटते.

जुन्या धाटणीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरांत ही पिन घोड्याच्या तोंडालाच असते, आणि घोडा खालीं असतां तिचें टोंक टोपीला टेकलेलें असतें. असें हत्यार घोड्यावर पडलें, तर फरशीच हातोड्याचें काम करते. पुढें घोडा व टोपी यांच्यामध्यें अडसर घालण्याच्या युक्त्या निघाल्या. तरी १९४४ सालीं अमेरिकन आरमारांतील एका खलाशाचा खालीं पडलेल्या रिव्हॉल्व्हरच्या गोळीनें मृत्यु झाला. त्या जातीच्या रिव्हॉल्व्हरांत अडसर होता, पण त्या वेळीं तो कामास आला नाहीं. तेव्हां स्मिथ अँड वेसन कंपनीनें त्याची रचनाच बदलली.

लहान पिस्तुलाची गोष्ट निराळी. कोल्टच्या १९११ च्या प्रसिद्ध पिस्तुलांत पिन आपल्या नळीपेक्षां किंचित् आंखूड असते व स्प्रिंग तिला मागें धरून ठेवते. घोड्याचा टोला बसला कीं ती आपल्याच वेगानें पुढें जाऊन टोपीवर आदळते आणि परत येते. येथें टेकून राहण्याचा धोका नाहीं. पण पिस्तूल नळीच्या तोंडावर पडलें तर? बस एकदम थांबली कीं उभे प्रवासी पुढें झुकतात, तशीच पिस्तूल थांबल्यावर पिन पुढें धांवते. पिन जितकी जड आणि स्प्रिंग जितकी थकलेली, तितका धोका अधिक. म्हणून कांहीं कारखान्यांनीं टिटॅनियमची हलकी पिन घातली. कोल्टनें १९८३ मध्यें पिनेलाच कडी बसविली. चाप पूर्ण ओढल्यावांचून ती उघडत नाहीं.

कडी असली म्हणजे निर्धास्त व्हावें असेंहि नाहीं. २०१७ सालीं सिग कंपनीच्या पी-३२० या पिस्तुलाबद्दल आढळून आलें कीं, विशिष्ट कोनांत पाठीवर पडल्यास त्याचा जड चाप स्वतःच्या वजनानें मागें सरकतो, आणि कडी सोडवितो तोच! कंपनीनें मग चाप व इतर कांहीं भाग हलके करून दिले.

खरी भीति जुन्या हत्याराची आहे. आपल्याकडे परवानाधारकाला सेनेच्या ९ मिलिमीटर जातीचें पिस्तूल मिळत नाहीं; कानपूरचें .३२ चें रिव्हॉल्व्हर किंवा ईशापूरचें त्याच मापाचें पिस्तूल मिळतें, अथवा वडिलांचें विलायती हत्यार वारशानें येतें आणि वर्षानुवर्षें कपाटांत पडून राहतें. तेल चिकट होतें, पिन नळींत अडकते. टोंक बाहेर राहून ती अडकली, तर नवें काडतूस आंत सरतांनाच गोळी सुटण्याचा संभव असतो. टोंक लांब झालें तर टोपीला भोंक पडून गरम वायु मागें येतो; आंखूड झालें तर बार फुसका जातो.

अशा वेळीं ओळखीच्या लेथवाल्याकडून पिन करून घेण्याचा मोह होतो. उल्हासनगरच्या कारागिरांचें कसब इतकें, कीं ‘मेड इन यू. एस. ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सर्वांना ठाऊक आहे. मिक्सरच्या सुट्या भागाला तो शोभतो. परंतु पिनेला माप, पोलाद व पाणी देणें हीं तिन्ही अचूक लागतात. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ५ व्या कलमान्वयें हत्याराची दुरुस्ती परवानाधारक कारागिरानेंच करावयाची असते.

जुन्या सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्यें जाणते लोक पांचच काडतुसें भरीत आणि रिकामें घर घोड्याखालीं ठेवीत. पिस्तुलाला ही सोय नाहीं. तें ठेवतांना आधीं मॅगेझीन काढावें लागतें, आणि नंतर वरची सरक मागें ओढून नळींतलें काडतूस. हा क्रम उलटला, तर मॅगेझीनमधलें दुसरें काडतूस नळींत जाऊन बसतें आणि बाहेरून कांहींच दिसत नाहीं.