अहवालातलं ‘अधिक-उणे’



आमच्या गटाने वस्तीवरच्या बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासायला दिलं होतं. अहवाल आला: फ्लोराइड लिटरला १.४ अधिक-उणे ०.२ मिलिग्रॅम. बैठकीत दोन तट पडले. “मर्यादा दीडची आहे, पाणी चांगलं आहे,” असं निम्म्या जणी म्हणाल्या. “त्यांनाच खात्री नाही, तर पैसे कशाला दिले?” असं बाकीच्या. मग आम्ही प्रयोगशाळेत जाऊन विचारून आलो. तेच आज सांगत आहोत.

अधिक-उणे म्हणजे चूक नव्हे. सोयाबीनचं एकच पोतं काट्यावर तीनदा चढवलं, तर वजनात थोडा फरक येतोच. पाणी तपासतानाही तसंच होतं. तो फरक किती असू शकतो, हे प्रयोगशाळा प्रामाणिकपणे लिहिते. त्याला मापनाची अनिश्चितता म्हणतात.

हा आकडा मनाने लिहीत नाहीत. एकच पाणी पुन्हा पुन्हा, दहा वेळा तपासतात आणि आकडे किती पुढे-मागे होतात ते पाहतात. समजा, तो फरक ०.०८ आला. काचेची मापं आणि तुलनेसाठीचं द्रावण यांतला फरक समजा ०.०६. दोन्ही फरक दर वेळी एकाच बाजूला झुकत नाहीत, म्हणून नुसती बेरीज करत नाहीत. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढतात. ते येतं ०.१०. त्याची दुप्पट ०.२. म्हणजे खरा आकडा १.२ ते १.६ च्या दरम्यान असेल, याची खात्री शंभरात सुमारे पंचाण्णव.

भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराइड १.० पर्यंत असावं. दुसरं पाणीच नसेल, तर १.५ पर्यंत चालवून घेतात. आमचं पाणी १.५ च्या पुढेही असू शकतं, आणि खालचा १.२ हा आकडासुद्धा १.० च्या वरच आहे. जास्त फ्लोराइडने मुलांच्या दातांवर डाग पडतात, वर्षानुवर्षं प्यायल्यास हाडंही बिघडतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही.

म्हणून आम्ही ठरवलं: बोअरचं पाणी धुण्या-भांड्याला. पिण्यासाठी गावविहिरीचं, पण तेही आधी तपासून.

एक लक्षात ठेवा. नमुनाच नीट घेतला नाही, तर ती चूक या अधिक-उण्यात धरलेली नसते. प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून भरा, वर ठिकाण आणि तारीख लिहा. आणि अहवाल हातात पडला की विचारा, “अधिक-उणे किती?”